स्कोलाच्या चुलीवरचे डास

सूर्य बुडायला आला की माझ्या अंगणाच्या कुंपणाबाहेर माणसं जमायची. आत कुणी पाऊल टाकत नसे. बायका तोंडाला पदर लावून उभ्या, पुरुष सायकलींना टेकून, पोरं मोठ्यांच्या पायांमागे. सगळ्यांचे डोळे अंगणातल्या एकाच जागेवर.

आणि मग ते दिसायचं. जमिनीपासून माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत, हवेत धुराचा एक खांब उभा राहायचा. धूर कसला, डास. शेकडो डास एकाच जागी वर-खाली, वर-खाली, जसं कुणी न दिसणारं सूप घेऊन त्यांना पाखडत होतं. वाऱ्याने थोडे कलायचे, पुन्हा जागेवर यायचे. काळोख दाटला की नाहीसे.

"बरोबर तिच्या चुलीवर," कुणीतरी कुजबुजायचं. "एक बोटभरसुद्धा इकडे तिकडे नाही."

तिच्या म्हणजे माझ्या बायकोच्या. तिचं नाव स्कोलास्टिका. गावासाठी ती झिटाची आई, माझ्यासाठी स्कोला. आमचं लुकोंगा गाव किलोंबेरो नदीच्या पुराच्या पट्ट्यात आहे. भात दाण्यावर आला की पाखरांचे थवे आणि रानडुकरं राखायला सगळं गाव शेतात जाऊन राहतं. माळ्यावर झोपायचं, चारी बाजू उघड्या, खाली पाणी. स्कोलाला तिथेच हिवताप चढला. दवाखान्यात नेईपर्यंत ती मला ओळखेनाशी झाली होती. ती परत आली ती शवपेटीतून.

आमच्याकडे माणूस गेलं की सुतकाचे दिवस संपेपर्यंत अंगणातच मोठी चूल पेटती ठेवतात. आलेल्या-गेलेल्यांचा भात तिच्यावरच शिजतो. दिवस संपले, माणसं पांगली, मी चुलीचे दगड उचलले. खाली काळंकुट्ट वर्तुळ राहिलं. ते मला पुसवेना. अंगण झाडायचं काम स्कोलाचं होतं. आता मी झाडू लागलो. तिच्यासारखंच झाडायचो, जमीन हाडासारखी पांढरी निघेपर्यंत. फक्त ते वर्तुळ तेवढं सोडून.

डास त्या वर्तुळावर नाचत होते.

त्या हंगामात गावात ताप फार होता, आणि मेलेली स्कोलाच डास धाडते असं गाव म्हणू लागलं होतं. शेजारच्या अगाताचा धाकटा मुलगा गेला. अगाता म्हणजे स्कोलाची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच बांधावर रोपं लावायच्या. मुलाला पुरून आल्यानंतर ती माझ्या कुंपणापाशी आली, डासांच्या खांबाकडे बघत राहिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "झिटाचे बाबा, तिला काय कमी केलं होतं मी?"



माझी मुलगी झिटा पोटुशी होती. नवरा उसाच्या मळ्यावर कामाला, म्हणून बाळंतपणाला माझ्याकडे राहिली होती. ती विहिरीवर गेली की बाकीच्या बायका हंडे अर्धे भरूनच उठायच्या. एका सकाळी आमच्या पपईच्या झाडाला कुणीतरी काळी चिंधी बांधलेली सापडली. मी ती सोडून चुलीत घातली. मला गावाची भीती वाटत होती, झिटाची काळजी वाटत होती, आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी तो खांब उभा राहिला की मला स्कोलाचीही भीती वाटू लागली होती. जिच्या शेजारी सारा जन्म झोपलो तिची भीती वाटावी, यापेक्षा वाईट काही माझ्या वाट्याला आलेलं नाही.

गावाचा अध्यक्ष कांडिडो. त्याने मापुंडा नावाच्या मांत्रिकाला बोलावून आणलं.

"मला कुणी बोलावलं नाही!" मापुंडा आल्या आल्या गरजला. "दोन नद्यांच्या पलीकडे झोपलो होतो. वास आला. मेलेल्या बाईचा वास! वाऱ्यावर बसून आलो."

तो वाऱ्यावर बसून आला ती गाडी दुपारची होती आणि कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून त्याचं कडाक्याचं भांडण झालेलं सगळ्या थांब्याने पाहिलं होतं. पण कुणी हसलं नाही. घाबरलेल्या माणसांना हसू येत नाही.

पहिल्या संध्याकाळी त्याने काहीच केलं नाही. माझ्या अंगणात उकिडवा बसून डासांकडे बघत राहिला, मग वर्तुळाकडे, मग पुन्हा डासांकडे. दुसऱ्या दिवशी नदीकाठची पांढरी वाळू आणवून त्या वर्तुळावर ओतली. मग विहिरीजवळच्या मोकळ्या मैदानात, साफ केलेल्या पांढऱ्या मातीवर, काळ्या बोकडाचं कातडं पसरलं. सूर्य बुडाला. माझं अंगण रिकामं राहिलं. आणि कातड्यावर खांब उभा राहिला.

गर्दीतून असा आवाज निघाला, जसा सगळ्यांच्या पोटात एकदम कुणी गुद्दा मारला.

"आली!" मापुंडा ओरडला. "घरातून उचलली, कातड्यात बांधली! आता बघा, वाघिणीच्या जबड्यात हात!" त्याने सदरा काढला आणि उघडा हात खांदा बुडेपर्यंत डासांमध्ये घातला. एकही डास चावला नाही. तो हात त्याने सगळ्यांपुढे फिरवला, लग्नात आहेर दाखवतात तसा.

मग मागण्या सुरू झाल्या. घरटी एक पोतं भात, ते ठीक. पण त्याला मच्छरदाण्याही हव्या होत्या. "मच्छरदाणी म्हणजे पिंजरा. ती बाई घरात शिरली की त्यात अडकते, बाहेर पडत नाही. माझ्याकडे आणा, मी मंतरून नदीत सोडतो." लोकांनी आणून दिल्या. मोटारसायकलवर गठ्ठे बांधून त्या नदीकडे रवाना झाल्या. नदीत त्या गेल्याच, कोळ्यांच्या तळावर, मासे धरायला.

शेवटची मागणी त्याने माझ्या दारात येऊन केली. मागे कांडिडो आणि निम्मं गाव.

"आईचं रक्त लेकीच्या पोटात आहे," तो झिटाकडे बोट दाखवून म्हणाला. "कातडं फार दिवस तिला धरून ठेवणार नाही. हिला आईच्या शेतातल्या माळ्यावर झोपवा. उघड्यावर. मच्छरदाणी नाही, धूर नाही. पौर्णिमेपर्यंत. डास हिला हुंगतील, ओळखतील, आणि आईला घेऊन जातील."

"पोटुशी आहे ती," मी म्हणालो.

"म्हणूनच तर!"

कांडिडो माझ्याजवळ आला. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या घरातही दोघं तापाने पडले होते. हळूच म्हणाला, "बोनिफास, समजून घे. उद्या संध्याकाळपर्यंत तू तिला नेलं नाहीस, तर ही माणसं नेतील. मी अडवू शकणार नाही."

ते गेल्यावर झिटा उंबऱ्यावर बसली. पोटावर हात. रडली नाही.

"बाबा, एक सांगा. मी लहान असताना मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली नाही म्हणून आई मला मारायची की नाही?"

"मारायची. पळीने."

"मग ती बाई मेल्यावर डास गोळा करत बसेल?"

मी नाही म्हणून मान हलवली. पण माझी भीती त्याने गेली नाही. शहाणपणाचं बोलणं ऐकलं की भीती जाते असं ज्यांना वाटतं, ते खरे घाबरलेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या डासांच्या संशोधन केंद्राची एक मुलगी गावात आली. फेलिस्टा तिचं नाव. पाठीवर पंप, हातात लांब दांड्याची जाळी. ती दारोदार एकच प्रश्न विचारत होती: "संध्याकाळी डास घोळक्याने नाचताना कुठे दिसतात?" लोक तिच्या तोंडावर दारं लावत होते. माझ्या दारात येऊन तिने तेच विचारलं आणि मी दाराची चौकट धरली.

"तुला कुणी पाठवलं? मापुंडाने?"

"कोण मापुंडा? काका, बसा आधी. पाणी देऊ का तुम्हाला?"

मी तिला सगळं सांगितलं. ती उठली आणि पायाने वाळू बाजूला केली. खालून काळं वर्तुळ निघालं. तिने ते पाहिलं, मग माझं पांढरं झाडलेलं अंगण पाहिलं.

"काका, हे तुम्ही रोज झाडता?"

"रोज."

"आणि हे वर्तुळ सोडून?"

"हो."

"मग तुम्हीच बोलावलंत त्यांना," ती हळू आवाजात म्हणाली. "सूर्य बुडताना नर डास जमतात. माद्यांची वाट बघत. जमायला त्यांना एक खूण लागते, जमिनीपेक्षा वेगळी दिसणारी. फिक्या जमिनीवर काळा डाग, राखेचा ढीग, काहीही. त्याच्यावर नाचतात. मादी येते, जोडी जमते, निघून जाते. लग्नाचा मांडवच म्हणा. तुमच्या बायकोचं नाव त्यांना ठाऊक नाही, काका. त्यांना गडद आणि फिकं एवढंच कळतं."

"आणि तो त्यात हात घालतो ते?"

"मीही घालते की रोज. नर चावत नाही. रक्त मादीला लागतं, अंडी घालायला. ती येते काळोख पडल्यावर, घरात, नाहीतर शेतातल्या माळ्यावर."

माळ्यावर. झिटाने माझ्याकडे पाहिलं.

"तू गावाला सांग हे," मी म्हणालो. "आज संध्याकाळी. नाहीतर ते हिला नेतील."

"मी सांगेन. पण ऐकतील? आमच्याबद्दल गाव काय म्हणतं, मला माहीत आहे."

"तुम्ही डास पाळता म्हणतात."

"पाळतोच." ती हसली. "पिंजऱ्यात ठेवून, साखरपाणी पाजून. ते कसे जगतात हे कळल्याशिवाय मारायचे कसे?" मग तिचं हसू गेलं. "माझं ऐकणार नाहीत, काका. डोळ्यांनी बघतील तेच मानतील. घरात काळं कापड आहे का एखादं?"

होतं. स्कोलाची कानिकी. शेतात जाताना नेसायचं जाडंभरडं काळं कापड. पेटीतून काढलं तर त्याला अजून चिखलाचा वास होता.

"येतील ना डास नक्की?" मी विचारलं.

"शब्द देत नाही. डास आहेत, माझे नोकर नव्हेत."

संध्याकाळी मैदानावर सगळं गाव होतं. कातड्यावर डास जमले होते, मापुंडा त्याच्याभोवती घुमत होता. कधी कोंबड्यासारखा मान टाकायचा, कधी तोंडाने फुर्र करायचा. मला बघून थांबला.

"आणली पोरगी? शहाणा आहेस!"

मी गर्दीतून पुढे गेलो. झिटा आणि फेलिस्टा माझ्या मागे. वाकलो, बोकडाचं कातडं धरलं आणि उलटं केलं. काळे केस खाली, पांढरट आतली बाजू वर.

डासांचा खांब डळमळला. मग फाटला. डास पांगले.

कुणीतरी किंचाळलं. "सोडली! सोडली त्याने तिला!" पोरं रडू लागली, बायका पळू लागल्या. माझ्या खांद्याला काहीतरी लागलं, ढेकूळ असावं. मी स्कोलाची कानिकी थोड्या अंतरावर पांढऱ्या मातीवर पसरली, घड्या मोडल्या, आणि उभा राहिलो. काही नाही. रिकामी हवा. दुसरं ढेकूळ लागलं. झिटा माझ्या पाठीला चिकटून उभी होती. तिच्या पोटातल्या पोराने मारलेली लाथ मला माझ्या पाठीवर जाणवली.

"बाबा," ती म्हणाली, "वर बघा."

आधी थोडे. मग आणखी. मग पुरता खांब, कानिकीवर.

"बघितलंत?" मी ओरडलो. "काळ्या कापडावर येतात! कुठल्याही!"

मापुंडा क्षणभर गडबडला. पण हा त्याचा रोजचा धंदा होता. त्याने दोन्ही हात वर केले. "ऐका रे! नवऱ्यानेच कबुली दिली! कापड कुणाचं? तिचं! कातड्यातून सुटली ती स्वतःच्या कापडावर येऊन बसली! मी म्हणालो नव्हतो?"

गर्दी माझ्याकडे वळली. चूक माझी होती. गावात काळी कापडं काय थोडी होती? मी नेमकं तिचंच आणलं होतं. कांडिडोने मान खाली घातली. चार तरुण झिटाकडे निघाले. फेलिस्टा त्यांच्या आडवी आली, काहीतरी सांगू लागली, तिला त्यांनी बाजूला सारलं.

तेवढ्यात अगाता पुढे आली. मुलाच्या सुतकातलं काळं कापड तिच्या अंगावर होतं. ते तिने ओढून काढलं, आतल्या जुन्या झग्यावर उभी राहिली, आणि कापड मातीवर टाकलं.

"झिटाचे बाबा, तुमचं उचला."

मी उचललं. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. उजेड संपत चालला होता. डास घुटमळले, सरकले, आणि अगाताच्या कापडावर नाचू लागले.

"हे तर झिटाच्या आईचं नाही ना?" अगाता म्हणाली. आवाज फाटला होता. "हे माझं आहे."

इथे मापुंडाने गप्प बसायला हवं होतं. पण ज्याचं तोंड पोट भरतं त्याला ते बंद करता येत नाही. "बाई, तुझा मुलगासुद्धा तिने आपल्या टोळीत ओढला! हे बघ, तोच नाचतोय—"



अगाता शांतपणे चालत त्याच्यापर्यंत गेली. त्याच्या खांद्यावरची काळी चामड्याची पिशवी हिसकली आणि जमिनीवर आपटली. मग स्वतःचं कापड उचलून छातीशी धरलं. डास विस्कटले. आणि मग थोडे-थोडे करून त्या पिशवीवर येऊन नाचायला लागले.

"आता यात कोण आहे रे?" अगाता म्हणाली. "तुझी आई?"

आधी एक म्हातारी हसली. मग तिच्या शेजारचा. मग सगळं मैदान. ते हसणं ऐकून मला रडू आलं.

फेलिस्टाने जाळी फिरवून मूठभर डास पकडले, काचेच्या नळीत घातले आणि बॅटरीच्या उजेडात भिंगाखाली धरले. "मिशा बघा. पिसासारख्या झुपकेदार. हे सगळे नर." माणसं रांग लावून बघू लागली. कांडिडोने सदऱ्याची बाही वर केली आणि उरल्यासुरल्या डासांत हात घातला. डोळे मिटून. मग एक डोळा उघडून त्याने हाताकडे पाहिलं.

"मांत्रिक झालास की रे!" कुणीतरी ओरडलं. "एक पोतं भात काढू का तुला?"

"हसा," फेलिस्टा म्हणाली, "पण ऐका. चावणाऱ्या आता निघतील. त्या तुमच्या भाताच्या पाण्यातून येतात. शेतात जे औषध फवारता त्याची त्यांना सवय होत चालली आहे, त्यामुळे मारणं अवघड झालंय. आणि अशा वेळी तुम्ही मच्छरदाण्या देऊन टाकल्या."

हसणं थांबलं. सगळे मापुंडाला शोधू लागले. तो पिशवी तिथेच टाकून गेला होता. पहाटेच्या गाडीने गेला म्हणतात. वारा त्या दिवशी पडला होता, म्हणून असेल.

मच्छरदाण्या आणायला कांडिडो स्वतः कोळ्यांच्या तळावर गेला. बऱ्याच मिळाल्या. सगळ्यांना माशांचा वास होता, काही फाटल्या होत्या. बायका अजून शिवतायत. माळ्यांवर मच्छरदाणी टांगायला चार बांबू कसे उभे करायचे ते आम्ही शोधून काढलं. फार अवघड नव्हतं. हे आम्हाला स्कोला असताना सुचलं नाही.

काही दिवसांनी फेलिस्टा माझ्याकडे आली, घुटमळत. "काका, तुमच्या अंगणातलं ते वर्तुळ. डास रोज एकाच जागी जमतात, म्हणजे रोज एकाच जागी मारता येतील. नर कमी झाले की अंडी कमी. उपयोग होतो का ते आम्ही तपासतोय, अजून खात्री नाही. पण तिथे फवारू दिलंत तर…" मग घाईने म्हणाली, "नको असेल तर नको. तुमच्या बायकोची चूल आहे ती."

मी वाळू पुरती झाडून टाकली. पावसाने काळं पुसट झालं होतं, तर कोळसा कुटून पुन्हा रंगवलं.

मी शिकलेला माणूस नाही. मला एवढंच सांगायचं आहे. घाबरण्यात कमीपणा नाही. मी अजून घाबरतो. झिटाचं कपाळ दिवसातून कितीदा तरी हात लावून बघतो. पण त्या दिवसांत आम्ही सगळे घाबरलो आणि कुणी एकानेही वाकून डासांच्या खाली काय आहे ते पाहिलं नाही. पाहिलं फक्त मापुंडाने, आणि त्यावर त्याने आपलं पोट भरलं. तुमच्या गावात उद्या असा कुणी आला तर त्याच्या तोंडाकडे बघू नका. जमिनीकडे बघा. कातडं उलटं करून बघा. आणि मच्छरदाणी कुणालाही देऊ नका.

आताही सूर्य बुडायला आला की माझ्या कुंपणाशी माणसं जमतात. पण आत येतात. अगाता अंगण झाडून देते, वर्तुळ सोडून. डास जमले की फेलिस्टाने शिकवलेला पोरगा पंप मारतो, आणि ते चुलीच्या जागेवर राखेसारखे पडतात. मग झिटा उठते, आत जाते, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचते. चारी बाजूंनी, नीट. आईने पळीने शिकवलं होतं तशी.